किती डोळ्यांवर, भाऊजी?

भाऊजी, तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं धड मागे सरकलीही नव्हती, तोच एक आला आणि भात उचलून गेला. घाटावर जमलेल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आमचे हे, म्हणजे तुमचे दादा, उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "इलासची काही इच्छा मागं राहिली नव्हती. बघा, कसा पटकन शिवला." शेजारच्या माणिकतात्यांनी मान डोलावली. मला मात्र त्या कावळ्याचाही संशय आला. नाशिकच्या घाटावरचे कावळे ते, दिवसभर दहा घरचे पिंड खाणारे. त्यांना तुमची इच्छा काय कळणार? आपल्या मळ्यातला कावळा असता तर त्याने दुपारपर्यंत उन्हात बसवलं असतं, आणि मग एकेकाला पुढे होऊन, हात जोडून, काहीतरी कबूल करावं लागलं असतं. ते टळलं म्हणूनच मंडळी एवढी मोकळी झाली होती, असं मला वाटलं.

तुम्ही असतात तर हसला असतात. "फौजदारीणबाई, आता कावळ्यालाबी चौकीत बोलावता का?" असं म्हणाला असतात. फौजदारीण हे नाव तुम्हीच ठेवलेलं. मी नवी नवरी म्हणून घरात आले आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही चहात मीठ घालून दिलंत. मी तोंड वाकडं न करता अर्धा कप प्याले आणि उरलेला तुमच्यापुढे धरून म्हटलं, "आता तुम्ही घ्या." तेव्हा तुम्ही पिंपळगावच्या कॉलेजात जायचात, मिसरूड नुकतं फुटलेलं. त्या दिवसापासून तुम्ही आधी घोट घेतल्याशिवाय तुमच्या हातचा चहा मी प्याले नाही. माझे वडील लासलगावला कांदा घेऊन जायचे. ते म्हणायचे, ट्रॉलीतला वरचा कांदा दाखवायला असतो, खालचा बघायला. मी माणसांनाही तसंच बघत आले. दुधाने तोंड पोळायची वाट न बघता ताक फुंकणारी बाई मी, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं.

मग तुम्हालाही संशय यायला लागले. आधी आम्हाला वाटलं, माझीच नक्कल करताय. भाजी हुंगायची, पाण्याचा तांब्या उजेडात धरायचा, दाराला कान लावायचा. मी हसायचे सुद्धा. एक दिवस तुम्ही ताटावरून उठलात आणि म्हणालात, "वहिनी, कुणीतरी काही टाकलंय यात. तुम्हाला खरंच वास येत नाय?" तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझं हसू विरलं. पुढे तारांचं सुरू झालं. द्राक्षाच्या मांडवाच्या तारांतून कोणीतरी बोलतं, तुमचं नाव घेतं, म्हणून तुम्ही रात्रंदिवस कानात कापूस घालायचात. गावाने त्याला एक नाव दिलं, देवऋष्याने दुसरं दिलं आणि नाशिकच्या डॉक्टरांनी तिसरं, इंग्रजी आणि लांबलचक. दादांनी ते चिठ्ठीवर वाचलं, चिठ्ठीची घडी केली आणि खिशात ठेवली. घरात परत कोणी ते नाव उच्चारलं नाही.

त्या वर्षांत तुम्ही फक्त माझ्या हातचं खायचात, तेही मी तुमच्यासमोर पहिला घास घेतल्यावर. तुम्ही म्हणायचात, "वहिनीला संशय येत नाय म्हणजे जेवण बरंय." सगळ्यांनी माझ्या या स्वभावाला नावं ठेवली. सासूबाई तर मरेपर्यंत म्हणत होत्या, हिच्या डोळ्याला देवसुद्धा चोर दिसतो. तुम्ही एकट्यानेच त्या स्वभावाचा काही उपयोग केलात. मी दुसऱ्यावर भरवसा ठेवत नाही म्हणून तुम्ही माझ्यावर ठेवलात. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे तुम्ही जिवंत असताना मी एकदाही बोलले नाही.

आता पुढचं जे लिहिते आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पण काल चौकशीत प्रांतसाहेबांपुढे मला ते पहिल्यापासून सांगावं लागलं, तेव्हा इथेही तसंच सांगते. द्राक्षाच्या काडीवर जिथून नवी फूट निघते त्या गाठीला आपण डोळा म्हणतो. छाटणी करायची म्हणजे डोळे मोजून काडी कापायची. कोणती सहा डोळ्यांवर, कोणती आठ. एक डोळा चुकला तर फूट येते पण घड येत नाही, वर्ष वाया जातं. छाटणीच्या दिवसांत आपल्याकडे पोरंसुद्धा डोळ्यांचंच बोलतात. तुझे डोळे फुटले का? माझे अजून झोपलेत. त्या कडेचे डोळे काढून टाक. परक्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटेल, कसायांची वस्ती आहे.

आणि तुम्ही तर डोळ्यांचे उस्ताद. आजाराआधी आसपासचे बागाईतदार तुम्हाला नुसतं काडी बघायला घेऊन जायचे. अंगठा काडीवरून फिरवायचात आणि सांगायचात, "सातवर घ्या, घड सातव्यातच हाय." आजार आल्यावर बाकी सगळं गेलं, कॉलेज गेलं, सोयरीक आलेली परत गेली, पण अंगठ्यातलं ते राहिलं. म्हणून सिकेटर, ती छाटणीची कात्री, तुमच्या हातातून कोणी काढून घेतली नाही. डॉक्टर म्हणाले होते, धारदार वस्तू लांब ठेवा. दादांनी दोन दिवस ती कोठीत कुलपात ठेवली, तर तुम्ही नखांनी काड्या तोडायला लागलात. बोटं रक्ताळली. मीच कुलूप काढलं आणि सिकेटर परत दिली.

एकदा भर अंगणात तुम्ही ती उघडी धरून उभे होतात. घामाघूम, तारांना शिव्या देत. दादा पुढे गेले तर तुम्ही त्यांच्यावर धावून गेलात. सगळे ओरडायला लागले, कोणी काठी आणली. माझे पाय लटपटत होते म्हणून मी खाली बसले, खरं कारण तेवढंच. बसल्यावर पुढ्यात एक काडी पडलेली दिसली. ती उचलून मी विचारलं, "भाऊजी, ही किती डोळ्यांवर घ्यायची?" तुम्ही थांबलात. माझ्या हातातून काडी घेतलीत, अंगठा फिरवलात, ओठ हलले. "पाचवर," म्हणालात, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसलात. मग मी चहा टाकला. कुणाचा घोट आधी, यावर आपण भांडलोसुद्धा.

तेव्हापासून वस्तीचा तो रिवाजच झाला. इलासला चढलं की कोणी उभं राहायचं नाही, खाली बसायचं आणि विचारायचं, किती डोळ्यांवर? दादांनी केलं आहे ते. माणिकतात्यांनी केलं आहे, आणि वर मलाच ऐकवलं, "सुमनबाई, तुझ्या दिराला सांभाळायचा मंत्र मिळाला बघ." शाळेला जाणारी पोरंसुद्धा रस्त्यात तुम्हाला विचारायची, काही चढलेलं नसताना, उगाच. तुम्ही त्यांनाही खरं उत्तर द्यायचात. सगळ्यांना ठाऊक होतं, भाऊजी, हे मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं.

आपलं एकच भांडण मिटायचं राहिलं, ते गोळ्यांचं. तुम्ही म्हणायचात, गोळीने हात थरथरतो, काप तिरका जातो. मी म्हणायचे, काप तिरका गेला तर काडी जाईल, गोळी चुकली तर माणूस जाईल. तुम्ही म्हणायचात, "काडी गेली तर मी कशाचा माणूस?" तरी मी गोळी तळहातावर ठेवून पाणी पुढे करायचे आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायचे. या ऑक्टोबर छाटणीच्या आधी तुमचा हात एकदम स्थिर झाला. मला लगेच कळलं, कुठेतरी पाणी मुरतंय. उशीची खोळ उलटी केली तर गोळ्या घरंगळल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "छाटणी उरकू द्या वहिनी, मग घेतो सगळ्या." त्या दिवशी मी नाशिकला गेले ते म्हणूनच. डॉक्टरांना विचारायला, की हात न थरथरणारी गोळी असते का. त्यांनी लिहून दिली. सीबीएस स्टँडवर एसटीची वाट बघत मी पुडी पदराच्या टोकाला बांधून बसले होते, तुम्हाला कसं पटवायचं याची वाक्यं जुळवत.

मी वस्तीवर उतरले तेव्हा रस्त्याला पोलिसांची जीप होती आणि तुम्हाला घेऊन दुसरी गाडी गेलेली होती. कोणी धड सांगेना. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. शेवटी माणिकतात्यांच्या सुनेने पदर तोंडाला लावून सांगितलं. तुम्ही त्यांच्या बागेत शिरलात. त्यांनी आठ दिवसांपूर्वी पेठकडचे मजूर लावून घाईघाईत छाटणी उरकली होती, डोळे फुगायला लागले होते. तुम्ही ओळीच्या एका टोकापासून पुन्हा छाटायला घेतलंत. तुमचं म्हणणं, काप चुकलेत. तात्यांचं वर्षाचं पीक होतं ते, त्यांचा जीव वरखाली झाला असणार, हे मी समजू शकते. त्यांनी फोन केला. नवे फौजदार दोन शिपाई घेऊन आले. मग एकच आवाज झाला, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, माथेफिरूचा पोलिसांवर हल्ला, स्वसंरक्षणासाठी गोळीबार. एवढ्याशा बातमीत तुमचं आडनावही चुकवलं होतं. ठाण्यात फौजदार मला समोर बसवून म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतं. पण त्याच्या हातात हत्यार होतं, त्याने ते उगारलं होतं, आणि तो आमच्या दिशेने येत होता. तोंडाने म्हणत होता, तुमचे डोळे काढतो, तुमचे सगळे डोळे काढतो. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी त्या माणसाकडे बघत राहिले. तरणा होता. ज्वारीच्या मुलखातून बदलून आलेला, द्राक्षाचा मांडव त्याने त्या दिवशी पहिल्यांदा आतून पाहिला असेल. मी विचारलं, "साहेब, तुम्ही मांडवाखाली उभे होता ना? तिथं छाटणी करायची तर हात कुठं असतो?" त्यांना समजलं नाही. मांडव डोक्याच्या वर असतो. काडी वर, म्हणून हात वर. आपल्याकडचा प्रत्येक माणूस छाटणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत हत्यार उगारूनच उभा असतो. आणि डोळे काढतो म्हणजे काय, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. खरंच उतरला की उतरवला, ते मी सांगू शकत नाही. मग ते म्हणाले, "मग मला तिथं कोणी हे बोललं का नाही? तुमचे मालक होते, बागमालक होते. कोणी एक शब्द बोललं नाही."

भाऊजी, त्या वाक्याने माझी झोप गेली. तो फौजदार आपली कातडी वाचवत असेल, धरून चालू. पण वाक्य खोटं वाटेना. घरी येऊन मी दादांना विचारलं. ते म्हणाले, "म्या वरडलो व्हतो. लय वरडलो. बस म्हणलो, इलास बस. ऐकूच आलं नाय कुणाला." तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "नाय बा. तुझा नवरा बांधावर गपच उभा व्हता. मीबी गपच व्हतो, खोटं कशाला बोलू? माझी तर बाग चालली व्हती." आता यांतलं कोण खरं? तात्यांनी आपलं गप्प राहणं कबूल केलं, म्हणजे ते खरे. की दुसऱ्याला सोबत ओढलं म्हणजे आपला भार हलका होतो, म्हणून तसं म्हणाले? गावात कुजबुज सुरू झालीच होती, की आपल्या बागेतला तुमचा अर्धा हिस्सा आता दादांना मोकळा झाला. ज्यांनी ती सुरू केली ते पुन्हा आमच्याकडेच येऊन पिठलं-भाकर खाऊन जात होते. मी वाढत होते आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. दादांच्याही.

पण मी आणखी एक काम केलं होतं. त्या पहिल्या संध्याकाळीच, अंधार पडायच्या आत, मी तात्यांच्या बागेत गेले होते. फौजदारीण म्हणवून घेते तर निदान जागा तरी बघावी. ओळीच्या टोकापासून चालत गेले. प्रत्येक वेलाखाली ताज्या काड्या पडल्या होत्या, कापाला अजून पाणी सुटलेलं. वर मान करून काप पाहिले. भाऊजी, एकही तिरका नव्हता. आणि मला तिथे रडू फुटलं, कारण मला कळलं की तुम्ही पोलिसांच्या दिशेने चालत नव्हता, ओळीने चालत होता. ते ओळीत उभे होते. पुढचा वेल त्यांच्याकडे होता, त्याला तुम्ही काय करणार? कोणाच्या अंगावर जाणारा माणूस वाटेत थांबून डोळे मोजतो का?

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. मी पुढे गेले. माती रक्ताने काळी पडली होती, तिथपर्यंत. आणि तुमचा शेवटचा काप होता त्याच्या पुढचे दोन वेल तुम्ही कापलेले नव्हते. काड्या जशाच्या तशा. ते दोन वेल सोडून तुम्ही पुढे गेला होतात.

का? मी तिथे उभी राहून शंभर कारणं शोधली. त्यांनी दरडावलं असेल म्हणून तुम्ही बावरलात. बोलावलं असेल म्हणून गेलात. तात्या दिसले असतील, त्यांना चुकलेली काडी दाखवायला निघाला असाल. किंवा तारा पुन्हा बोलल्या असतील, आणि तुम्ही खरोखरच त्या फौजदाराच्या अंगावर गेला असाल. हे शेवटचं मला नको होतं, पण ते जाईना. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, तुम्हालाच कसं सोडणार? आठवड्याने तात्यांनी ती ओळ छाटून साफ केली. आता ते दोन वेल फक्त मी पाहिलेले.

काल प्रांतसाहेबांकडे चौकशीची तारीख होती. आदल्या संध्याकाळी मी दादांना ते दोन वेल सांगितले. मग म्हणाले, "हे तिथं बोलायचं नाय. काप सरळ व्हते एवढंच सांग. त्याच्या नावावरचा डाग पुसला जाईल. तू दुसरं सांगितलं तर फौजदार सुटला म्हणून समज." बरोबर बोलत होते. माझ्या मनातही तेच होतं. तुम्ही माथेफिरू नव्हता, मारेकरी नव्हता, हे कोणीतरी सरकारी कागदावर लिहावं यासाठी मी काहीही केलं असतं. पण ते ज्या घाईने "बोलायचं नाय" म्हणाले, ती घाई मला खटकली. बांधावर गप्प राहिलेली माणसं, ठाण्यात गप्प, घाटावर गप्प. सगळ्यांनी आपापला एक-एक तुकडा गिळलेला. आता मी माझा गिळायचा आणि मग यांच्यावर संशय घ्यायचा, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. डोळा म्हणजे काय, हात वर का, ओळ कशी, काप कसे. साहेब लक्ष देऊन ऐकत होते, कारकून लिहीत होता. मग मी दोन वेल सांगितले. कारकुनाने मान वर केली. साहेबांनी विचारलं, "म्हणजे तो हल्ला करणार नव्हता, अशी तुमची खात्री नाही?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "खात्री नाही. ती कधीच नव्हती. हा माणूस आमच्या घरात इतकी वर्षं हातात सिकेटर घेऊन वावरला आणि एकाही दिवशी मला खात्री नव्हती. भीती वाटायची. पण भीती वाटली की आम्ही खाली बसायचो. त्याला काहीतरी विचारायचो. घरात कोणाला खरचटलंसुद्धा नाही. खात्री असती तर बसायची गरज कशाला पडली असती?"

मी वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही, तेव्हा कागद मागून घेतला. कारकुनाने लिहिलं होतं, मयत हल्ला करणार नव्हता याबाबत साक्षीदारास खात्री नाही. खाली सहीची जागा. मी कागद परत सरकवला आणि म्हटलं, मी पुढे जे बोलले तेही लिहा. तो साहेबांकडे बघायला लागला. साहेब म्हणाले, "बाई म्हणतात तसं लिहा." त्याने लिहिलं. मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली, आणि मग सही केली. या कागदाचं पुढे काय होईल, तो कोणत्या कपाटात जाईल, याचा मला काडीचाही भरवसा नाही.

माझ्यानंतर दादांना आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले. तिथून आतलं ऐकू येत नव्हतं. मी दोन वेल सांगितले हे त्यांना दाराशी उभं राहून कळलं असणार, आत जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लवकर बाहेर आले. जिना उतरून आम्ही आवारातल्या लिंबाखाली आलो तेव्हा म्हणाले, "सुमन, म्या वरडलो नव्हतो. तेच सांगून आलो."

ते पुढे बोलत राहिले, "तोंडावर व्हतं माझ्या. किती डोळ्यांवर, एवढंच तर म्हणायचं व्हतं. पण फौजदारानं पिस्तूल काढलं आणि मला वाटलं, सुटलो. हिश्श्यासाठी नाय गं. देवाशपथ नाय. दमलो व्हतो. तेवढंच वाटलं, आता सुटलो. आणि तेवढ्यात झालंच."

भाऊजी, इतके दिवस ज्याचा संशय होता ते खरं निघालं. माझे संशय खरे निघाले की मला आजवर कुठेतरी बरं वाटायचं, हे तुम्हाला माहीत आहे. काल वाटलं, माझं सगळं आयुष्य खोटं ठरलं असतं तरी चाललं असतं, पण हे एक खरं निघायला नको होतं. त्यांचा मला भयंकर राग आला आहे. आणि ते कसे दमले होते हेही मला माहीत आहे, कारण तुम्ही रात्र रात्र ओरडायचात तेव्हा तुमचे पाय धरून तेच बसायचे, मी नाही. तुमच्याशिवाय हे सांगायला मला दुसरं कोणी नाही. दादांना माफ करायचं की नाही हे तुमचं आहे, माझ्या हातात नाही.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ते ओट्यावर बसून राहिले, आत येईनात. मी चूल पेटवली, भाकरी टाकल्या आणि त्यांना हाक मारली. त्यांचं ताट वाढलं, भाऊजी. रागवायचं असेल तर रागवा.